घडवणारे कोण, मोडणारे कोण

मेंदूतली एखादी पेशी ॲसिटिलकोलीन बनवते की नाही, हे तिच्याकडे नुसते पाहून कळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ती आणि तिच्या शेजारची पेशी बरेचदा सारख्याच दिसतात. रेणूच शोधावा म्हटले तर तो हाती लागत नाही. चेतातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन बाहेर पडते, पलीकडच्या पेशीला निरोप देते आणि लगेच ॲसिटिलकोलीनएस्टरेज नावाचे विकर त्याचे दोन तुकडे करते. या विकराचा एकेक रेणू सेकंदाला हजारो रेणू फोडतो. शरीरातल्या सर्वांत चपळ विकरांत त्याची गणना होते. मेंदूचा काप काढून तो काचपट्टीवर येईपर्यंत मूळ रसायन जागेवर राहिलेले नसते. म्हणून ॲसिटिलकोलीन बनवणाऱ्या पेशींचा नकाशा आडवाटेने, म्हणजे त्या रसायनाच्या आगेमागे असणाऱ्या खुणा धरून काढावा लागला. खूण चुकली की नकाशाही चुकतो, आणि या नकाशाचा इतिहास बराचसा अशा चुकलेल्या खुणांचाच आहे.

ऑटो लोवी यांचा बेडकाच्या हृदयाचा प्रयोग पुष्कळांनी कुठे ना कुठे वाचलेला असतो. 1921 साली ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरात त्यांनी एका हृदयाची व्हेगस चेता उत्तेजित केली, त्याचे ठोके मंदावले. त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंदावले. निरोप रसायनाने जातो हे सिद्ध झाले. लंडनमध्ये हेन्री डेल यांच्या प्रयोगशाळेत 1929 साली घोड्याच्या आणि बैलाच्या प्लीहेतून ॲसिटिलकोलीन प्रत्यक्ष वेगळे काढले गेले आणि 1936 चे नोबेल या दोघांना मिळून देण्यात आले. मात्र ही सगळी कथा हृदयाची, स्नायूंची, शरीरभर पसरलेल्या चेतांची होती. मेंदूत आणि मज्जारज्जूत हे रसायन कोण बनवते, हा प्रश्न तसाच उरला होता.

पहिला उपाय जळवेने दिला. जळवेच्या पाठीच्या स्नायूची पट्टी एसेरिन नावाच्या द्रव्यात भिजवली, की त्यातले फोडणारे विकर निकामी होते आणि मग ॲसिटिलकोलीनचा अगदी सूक्ष्म अंशही त्या पट्टीला आकुंचित करतो. त्या काळी कोणत्याही रासायनिक परीक्षेला जे सापडत नव्हते, ते जळवेला सापडत होते. ही पद्धत विल्हेल्म फेल्डबर्ग यांच्यासोबत डेल यांच्या प्रयोगशाळेत आली. ज्यू असल्यामुळे 1933 साली बर्लिनमधून त्यांची हकालपट्टी झाली होती. नाझींनी जर्मन शरीरशास्त्राचे केलेले नुकसान इंग्लंडच्या पथ्यावर पडले, त्यातलेच हे एक उदाहरण.

पुढे फेल्डबर्ग आणि मार्थे फोग्ट यांनी मेंदूचे निरनिराळे भाग वेगळे करून प्रत्येक भाग किती ॲसिटिलकोलीन बनवू शकतो ते मोजले. 1948 साली प्रसिद्ध झालेले हे आकडे म्हणजे या विषयातला पहिला खरा नकाशा. मज्जारज्जूतून निघणाऱ्या प्रत्येक चेतेला दोन मुळे असतात: पुढचे हालचालीचे, मागचे संवेदनांचे. पुढच्या मुळात ॲसिटिलकोलीन भरपूर बनत होते, मागच्यात जवळजवळ नाही. लहान मेंदूतही फारच थोडे. म्हणजे हे रसायन सगळ्या चेतापेशींचे नाही, काही ठरावीक पेशींचेच आहे, हे उघड झाले. पण हा नकाशा भागांचा होता. एका भागातल्या लाखो पेशींपैकी नेमकी कोणती पेशी, हे जळवेला सांगता येत नव्हते.

पेशीपर्यंत पोहोचायला रंग लागतो. 1949 साली जॉर्ज कोएल आणि योनास फ्रीडनवाल्ड यांनी असा रंग शोधला. ॲसिटिलकोलीनसारखाच पण गंधक असलेला एक रेणू मेंदूच्या कापावर सोडायचा. जिथे फोडणारे विकर असेल तिथे तो फुटतो, तांब्याशी मिळून साका बनतो आणि तो साका काळपट करता येतो. पेशी आणि तंतू कापावर उमटून दिसू लागले. केंब्रिजचे चार्ल्स शूट आणि पीटर लुईस यांनी ही पद्धत उंदरांच्या मेंदूवर चिकाटीने वापरली. त्यात एक युक्ती होती. तंतूंचा जुडगा मध्येच कापला की विकर पेशीच्या बाजूला साचते आणि पलीकडच्या बाजूला नाहीसे होते. म्हणजे तंतू कुठून येतो आणि कुठे जातो, हे त्यावरून ठरवता येते. 1967 साली त्यांनी मेंदूच्या बुंध्यापासून कॉर्टेक्सपर्यंत चढत जाणारी एक मोठी 'कोलिनर्जिक', म्हणजे ॲसिटिलकोलीनवर चालणारी, व्यवस्था रेखाटली. ती पाहून या क्षेत्रातले लोक थक्क झाले, आणि तसे होणे रास्तच होते.

घोटाळा एवढाच होता, की रंगवलेले विकर ॲसिटिलकोलीन मोडणारे होते, घडवणारे नव्हे. मोडणारे विकर निरोप घेणाऱ्या पेशींमध्येही असते, आणि काही पेशींत तर ॲसिटिलकोलीनशी फारसा संबंध नसतानाही ते भरलेले असते. गावात पत्रावळी कुठे पडल्या आहेत ते पाहून आचाऱ्याचे घर कोणते हे ठरवावे, तसा हा प्रकार होता. या पद्धतीने सब्स्टॅन्शिया नायग्रा हा भागही कोलिनर्जिक ठरला. प्रत्यक्षात तिथल्या ज्या पेशींमुळे हा भाग ओळखला जातो, त्या डोपामीन बनवतात. पार्किन्सनच्या आजारात मरतात त्या याच. त्या पेशींत मोडणारे विकर भरपूर आहे, पण ॲसिटिलकोलीन त्या बनवत नाहीत. शूट आणि लुईस यांना दोष देण्यात अर्थ नाही. हाताशी असलेल्या एकाच खुणेवरून त्यांनी जितके खरे काढले ते आजही टिकून आहे, विशेषतः पुढच्या मेंदूच्या तळापासून हिप्पोकॅम्पसकडे जाणारी वाट.

1970 च्या दशकात लॉस एंजेलिसमधल्या लॅरी बुचर यांनी या रंगाला थोडे शहाणे केले. त्यांनी प्राण्यांना आधी डीएफपी दिले. हे द्रव्य मोडणाऱ्या विकराला कायमचे निकामी करते. मग काही तास थांबायचे. नवे विकर सर्वांत आधी ते बनवणाऱ्या पेशीच्या शरीरात दिसते. तंतूंपर्यंत पोहोचायला त्याला वेळ लागतो. तंतूंच्या जंजाळात हरवलेल्या पेशी अशा सुट्या दिसू लागल्या. बुचर यांचा हा उपाय अर्धाच होता, कारण खूण अजून मोडणाऱ्या विकराचीच होती.

डीएफपीचे कुळ आपल्याकडच्या शेतकऱ्याला परके नाही. दुसऱ्या महायुद्धात युद्धातले विष म्हणून त्याची चाचपणी झाली होती, आणि मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके त्याच घराण्यातली. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले, तेव्हा ज्या औषधांवर संशय गेला त्यांत मोनोक्रोटोफॉस होते. मोडणारे विकर बंद पडले की ॲसिटिलकोलीन साचत जाते: तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या आक्रसतात, स्नायू थरथरतात आणि शेवटी ढिले पडतात, श्वास अडतो. दवाखान्यात ॲट्रोपीन देतात. धोतऱ्यात आढळणारे हे द्रव्य ॲसिटिलकोलीनच्या एका प्रकारच्या ग्राहींना झाकते, त्यामुळे लाळ, घाम आणि श्वासनलिकेतला चिकट स्राव आवरतो. स्नायूंचे ग्राही मात्र दुसऱ्या प्रकारचे असतात, त्यांच्यावर ॲट्रोपीन चालत नाही. म्हणून असा रुग्ण कधी कधी कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर काढतो. प्रयोगशाळेत नकाशा काढायला वापरलेली रासायनिक करामत आणि रानात घडणारा अपघात, दोन्हींच्या मुळाशी एकच विकर आहे.

खरी खूण हवी तर घडवणारे विकरच पकडायला हवे होते. ते 1943 सालीच सापडले होते: डेव्हिड नाखमानसोन आणि मचाडो यांनी शोधलेले, आज कोलीन ॲसिटिलट्रान्सफरेज किंवा थोडक्यात 'चॅट' म्हणतात ते. ॲसिटिलकोलीन घडवायला ते लागतेच. पण ऊतींमध्ये ते इतके थोडे असते, की शुद्ध करताना इतर प्रथिने सोबत चिकटून येत. अशा मिश्रणाविरुद्ध तयार केलेले प्रतिपिंड मग भलत्याच पेशींना जाऊन चिकटत. सुरुवातीच्या अशा नकाशांवरून बरेच वाद झाले. 1975 साली ज्योर्जेस कोहलर आणि सेझार मिलस्टीन यांनी एकाच साच्याचे प्रतिपिंड बनवायची रीत काढली आणि वादाचा जोर ओसरला. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला चॅटविरुद्धचे नेमके प्रतिपिंड अनेक प्रयोगशाळांच्या हाती आले. ज्या पेशीत घडवणारे विकर आहे तीच रंगायची. हीच या नकाशाची दुसरी आणि खरी सुरुवात म्हणता येईल.

या रंगाने दाखवले ते शरीररचनाशास्त्रज्ञांच्या जुन्या विभागणीत नीट बसेना. मेंदूतल्या पेशीसमूहांना दिलेली नावे त्यांच्या आकारावरून आणि जागेवरून होती. चॅट असलेल्या पेशी मात्र या सीमा ओलांडून पसरल्या होत्या. एका समूहात बहुतेक सगळ्या पेशी कोलिनर्जिक, तर शेजारच्या समूहात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्याच. म्हणून मार्सेल मेसुलाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 साली जुनी नावे बाजूला ठेवून सीएच 1 ते सीएच 6 अशी नवी नावे दिली. सीएच 1 ते 4 पुढच्या मेंदूच्या तळाशी आहेत आणि तिथून हिप्पोकॅम्पस, कॉर्टेक्स, गंधाचे केंद्र यांना तंतू जातात. सीएच 5 आणि 6 मेंदूच्या बुंध्यात आहेत आणि मुख्यतः थॅलॅमसकडे जातात. झोप-जाग आणि स्वप्नांची झोप यांच्याशी त्यांचा संबंध आहे. माकडाच्या मेंदूत सीएच 4 मधल्या मोठ्या पेशींपैकी 90 टक्क्यांहून अधिक कोलिनर्जिक निघाल्या, सीएच 1 मध्ये सुमारे 10 टक्के, तर सीएच 3 मध्ये जेमतेम 1-2 टक्के. एवढी तफावत असताना नुसते ठिकाणाचे नाव सांगून भागण्यासारखे नव्हते.

सीएच 4 म्हणजे मुख्यत्वे मायनर्टचा तळकेंद्रक. थिओडोर मायनर्ट यांनी तो एकोणिसाव्या शतकात वर्णिला होता आणि नंतर शंभर वर्षे त्याच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. ते वेधले गेले अल्झायमरमुळे. 1976 साली पीटर डेव्हीज आणि ए. जे. एफ. मलोनी यांनी अल्झायमरने मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या कॉर्टेक्समध्ये चॅट खूपच कमी असल्याचे दाखवले. आता कोडे असे, की कॉर्टेक्समधल्या या तंतूंच्या पेशी कॉर्टेक्समध्ये नसतात. मग नेमके मरते काय? 1982 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पीटर व्हाइटहाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायनर्टच्या केंद्रकातल्या पेशी मोजल्या आणि रुग्णांमध्ये त्यांपैकी 75 टक्क्यांहून अधिक गेलेल्या आढळल्या. उत्तर नकाशात होते. डोनेपेझिलसारखी औषधे याच ज्ञानावर उभी आहेत: घडवणारे उरले थोडे, तर निदान मोडणाऱ्याचा हात धरा. कीटकनाशक जे कायमचे आणि सरसकट करते, तेच ही औषधे बेताने आणि सुटेल अशा रीतीने करतात. लक्षणे काही काळ सावरतात, पेशींचे मरणे थांबत नाही. त्या काळी बांधलेला तर्क, की अल्झायमर मुळात ॲसिटिलकोलीनच्या तुटवड्यामुळेच होतो, पुढे टिकला नाही.

मज्जारज्जूचा नकाशा तुलनेने सोपा असेल, असे वाटणे साहजिक होते. तिथल्या पुढच्या शिंगातल्या हालचालीच्या मोठ्या पेशी स्नायूंशी ॲसिटिलकोलीनने बोलतात, हे डेल यांच्या काळापासून माहीत होते. या पेशींचा तंतू बाहेर पडण्याआधी मज्जारज्जूतच एक फांदी मागे सोडतो आणि रेनशॉ पेशींना जागे करतो. त्या पेशी उलट हालचालीच्या पेशींनाच आवर घालतात. हा निरोपही ॲसिटिलकोलीनचाच असतो, हे जॉन एकल्स, पॉल फॅट आणि क्योझो कोकेत्सु यांनी 1954 साली कॅनबेऱ्यात दाखवले. मध्यवर्ती चेतासंस्थेच्या आत ॲसिटिलकोलीनने चालणारा एक नेमका दुवा पहिल्यांदा खात्रीने सापडला, तो मेंदूत नाही, मज्जारज्जूत.

चॅटच्या रंगाने तिथे इतरही वस्ती दाखवली. छातीच्या भागात बाजूच्या शिंगात हृदय, रक्तवाहिन्या, आतडी यांच्याकडे निरोप पाठवणाऱ्या पेशींचा खांब. शेपटीकडच्या भागात मूत्राशय आणि गुदाशयासाठी तसाच एक. मधल्या कालव्याभोवती छोट्या पेशींचे पुंजके. पुढच्या आणि मागच्या शिंगांच्या मध्ये विखुरलेल्या पेशी. आणि मागच्या शिंगात, म्हणजे चक्क संवेदनांच्या मुलखात, थोड्या लहान पेशी. शेवटच्या या पेशी सर्वांत दुर्लक्षित राहिल्या. वेदना आणि स्पर्श यांच्या वाटेवर त्या बसल्या आहेत आणि संख्येने फार थोड्या आहेत, त्यामुळे त्यांचा अभ्यास कष्टाचा.

मज्जारज्जूतलीच आणखी एक गोष्ट मला नकाशाशास्त्राचा उत्तम नमुना वाटते. 1969 साली स्टुरे कोनराडी यांना मांजराच्या हालचालीच्या पेशींवर बटणांसारखे मोठे तंतूशेवट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. त्यांना सी-बटणे म्हणतात. ती कोलिनर्जिक आहेत हे पुढे कळले. पण ती येतात कोणत्या पेशींकडून? मेंदूतून, की शेजारच्या हालचालीच्या पेशींकडून? दशके गेली. 2009 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या थॉमस जेसेल यांच्या गटाने आणि सहकाऱ्यांनी पिटएक्स 2 या जनुकावरून उगम शोधला: मधल्या कालव्याजवळचा पेशींचा एक छोटासा गट. ज्या उंदरांमध्ये या पेशींचा ॲसिटिलकोलीनचा निरोप बंद केला, ते चालत होते, पोहतही होते. पण पोहताना पोटरीच्या स्नायूला जो जास्तीचा जोर लागतो, तो नीट वाढत नव्हता. कामाप्रमाणे स्नायूचा जोर कमी-जास्त करण्याचे काम या मूठभर पेशींकडे होते.

यानंतरचा टप्पा जनुकांचा. बाहेर पडण्याआधी ॲसिटिलकोलीन पेशीतल्या सूक्ष्म पुड्यांमध्ये साठवले जाते; ते तिथे भरणारे प्रथिन पहिल्यांदा सापडले ते 1993 साली, सी. एलेगन्स या एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत. गंमत अशी, की या प्रथिनाचे जनुक चॅटच्या जनुकाच्या पोटात बसलेले असते, कृमीतही आणि माणसातही. घडवणे आणि भरणे ही दोन्ही कामे एकाच ठिकाणाहून चालवली जातात. त्या कृमीच्या 302 चेतापेशींचा ॲसिटिलकोलीनचा संपूर्ण नकाशा 2015 साली ऑलिव्हर होबर्ट यांच्या गटाने पूर्ण केला. चेतापेशींच्या 118 प्रकारांपैकी 52 कोलिनर्जिक निघाले. सस्तन प्राण्यांत हे प्रमाण कितीतरी कमी. मेंदूतल्या स्ट्रायटम या भागात, जिथे ॲसिटिलकोलीनची रेलचेल आहे, तिथेही ते बनवणाऱ्या पेशी 1-2 टक्केच आहेत, फक्त त्यांच्या फांद्या अफाट आहेत.

उंदरांत चॅटचे जनुक चालू असलेल्या पेशी आपोआप उजळतील अशी सोय केली, की प्रतिपिंडांची कटकट संपली असे वाटले. मग नव्या अडचणी आल्या. एका पद्धतीत जी पेशी गर्भावस्थेत काही दिवस चॅट बनवून थांबली, ती आयुष्यभर उजळत राहते. नकाशावर ती कोलिनर्जिक दिसते, प्रत्यक्षात आता नसते. दुसऱ्या पद्धतीत चॅटच्या जनुकाचा मोठा तुकडा जनुकसंचात घातला, तर त्याच्या पोटातले भरणाऱ्या प्रथिनाचे जनुकही जादा प्रतीत आत गेले. असे उंदीर जास्त वेळ पळू शकत होते, पण लक्ष एकाग्र करण्याच्या परीक्षेत मागे पडत होते. म्हणजे नकाशा काढण्याच्या खटपटीत ज्याचा नकाशा काढायचा तेच बदलून गेले होते. 2013 साली हे प्रसिद्ध झाल्यावर आधीचे कित्येक निष्कर्ष पुन्हा तपासावे लागले.

एक आकडा मात्र माझ्या मनातून जात नाही. 2014 साली जॉन्स हॉपकिन्सच्या जेरेमी नाथन्स यांच्या गटाने उंदराच्या पुढच्या मेंदूच्या तळातल्या एकेका पेशीचा तंतू शेवटपर्यंत मागोवा घेत काढला. हजाराहून अधिक फाटे आणि एकूण लांबी 50 सेंटिमीटरपर्यंत! उंदराचा सगळा मेंदू जेमतेम दीड सेंटिमीटर. माणसाच्या बाबतीत त्यांनी गणित मांडले तर एका पेशीच्या तंतूंची सरासरी लांबी सुमारे 100 मीटर निघाली. एवढा पसारा पोसणारी पेशी आयुष्यभर जबर खर्चात असते, आणि अल्झायमरमध्ये तीच लवकर का बळी पडते, याचे एक संभाव्य कारण इथे दिसते. ते सिद्ध झालेले नाही, पण बुद्धीला पटते.

जिवंत माणसाच्या मेंदूत मात्र पेशी दिसत नाहीत. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी खुणेचा रेणू टोचून तंतूंच्या शेवटांची दाटी काही मिलिमीटरच्या अचूकतेने मोजता येते, तेवढेच. मिशिगन विद्यापीठात निको बोनेन आणि सहकाऱ्यांनी 2009 साली पार्किन्सनचे रुग्ण तपासले. जे रुग्ण चालताना पडत असत, त्यांच्या थॅलॅमस आणि कॉर्टेक्समध्ये कोलिनर्जिक खूण कमी आढळली. चालताना तोल जाणे केवळ डोपामीनचे दुखणे नाही, हे त्यामुळे स्पष्ट झाले. त्या तपासणीतली खूण मोडणाऱ्या विकराची होती, 1949 च्या रंगासारखीच. आता एफईओबीव्ही नावाचा रेणू आला आहे. तो ॲसिटिलकोलीन पुड्यांमध्ये भरणाऱ्या प्रथिनाला चिकटतो, म्हणजे ज्या शेवटांतून ॲसिटिलकोलीन सुटते त्यांनाच. त्याच्या साहाय्याने माणसाचा नकाशा पुन्हा पहिल्यापासून काढणे सुरू आहे.